डोंगरावरील चार मुखें

अमेरिकेंतील साउथ डकोटा राज्याच्या पश्चिम अंगास ब्लॅक हिल्स नांवाचे डोंगर आहेत. पाइन वृक्षांच्या दाट रानामुळें ते दुरून काळे दिसतात, म्हणून हें नांव. तेथील रशमोर पर्वताच्या कड्यावर वॉशिंग्टन, जेफर्सन, थिओडोर रूझवेल्ट व लिंकन या चार राष्ट्राध्यक्षांचीं मुखें कोरलेलीं आहेत. उन्हाळ्यांत शाळांना सुटी लागली कीं, आईबाप मुलाबाळांसह मोटारींत बसून शेंकडों मैल तुडवीत तीं पाहावयास येतात.

मोटारीचा व या स्मारकाचा संबंध मुळापासूनचाच आहे. १९२३ सालीं राज्याचे इतिहासाधिकारी डोन रॉबिन्सन यांनीं अशी कल्पना मांडली कीं, डोंगरांत प्रचंड शिल्पें कोरविलीं तर मोटारीनें हिंडणारे प्रवासी आपल्याकडे वळतील. शिल्पकार गट्झन बोर्ग्लम यांनीं त्यासाठीं रशमोरचा आग्नेयाभिमुख कडा निवडला. कारण त्यावर दिवसाचा बराच वेळ ऊन असतें. रस्त्यांची आंखणी सिनेटर पीटर नॉर्बेक यांनीं मनावर घेतली. त्यांच्या आयर्न माउंटन रस्त्यावर तीन बोगदे आहेत. दक्षिणेकडून येणारी मोटार बोगद्यांत शिरली कीं, पलीकडच्या तोंडाच्या चौकटींत तीं मुखें एखाद्या तसबिरीसारखीं दिसूं लागतात. कांहीं ठिकाणीं रस्ता लांकडी पुलावरून गिरकी घेऊन स्वतःच्याच खालून निघतो. हा रस्ता घाई असलेल्या मनुष्यासाठीं नव्हेच.

स्मारकासमोर उभें राहतांच मुलांचा पहिला प्रश्न येतो : 'हें केलें तरी कसें ?' एकेक मुख हनुवटीपासून माथ्यापर्यंत ६० फूट, म्हणजे पांच मजली इमारतीएवढें आहे. कोरण्यास १९२७ सालीं आरंभ झाला. प्रथम खालच्या शिल्पशाळेंत प्लॅस्टरची प्रतिकृति केली; तिजवरील एक इंच म्हणजे पर्वतावरील एक फूट. प्रतिकृतीच्या माथ्यावर अंश आंखलेली चकती, तीवर फिरणारा दांडा व दांड्यावरून सोडलेला ओळंबा अशी योजना होती. असेंच बारापट मोठें साधन पर्वताच्या माथ्यावर बसविलें. नाकाचें टोंक प्रतिकृतीवर जेथें भरे, तेथून बारापट मापें घेऊन कड्यावर रंगानें खूण करीत. मग पोलादी दोरानें टांगलेल्या पाळण्यांत बसून कामगार खालीं उतरत व सुरुंगाचीं भोकें पाडीत. शेंकडा ९० भाग दगड डायनामाइटनें उडविलेला आहे. शेवटचे कांहीं इंच तेवढे भोंकांची जाळी पाडून हातानें फोडले व मग गुळगुळीत केले. सुमारें साडेचार लक्ष टन दगड निघाला. त्याचा ढीग आजहि पायथ्याशीं पडून आहे.

जवळजवळ चारशें माणसें या कामावर राबलीं. काम चालू असतां त्यांतील एकहि दगावलें नाहीं. जेफर्सनचें मुख आरंभीं वॉशिंग्टनच्या दुसऱ्या बाजूस कोरूं लागले होते. परंतु तेथील दगड चिरफळलेला निघाल्यामुळें १९३४ सालीं तें उडवून देऊन सध्यांच्या जागीं नव्यानें आरंभिलें. मार्च १९४१ मध्यें बोर्ग्लम वारले, त्यांचे चिरंजीव लिंकन यांनीं काम पुढें नेलें, आणि त्याच वर्षाच्या ३१ ऑक्टोबरला तें थांबलें. मूर्ति कंबरेपर्यंत कोरावयाच्या होत्या, त्या राहून गेल्या.

यानंतर एखादें चौकस मूल दुसरा प्रश्न विचारतें : 'हा डोंगर आधीं कोणाचा होता ?' त्याचें उत्तर टाळणें बरें नाहीं. लकोटा लोक या पर्वतास 'सहा पितामह' म्हणत. रशमोर हें नांव १८८५ सालीं खाणींच्या कामानिमित्त आलेल्या न्यूयॉर्कच्या एका वकिलाचें आहे. १८६८ च्या फोर्ट लॅरमीच्या तहान्वये अमेरिकन सरकारनें ब्लॅक हिल्स लकोटांच्या हवालीं राखले होते. १८७४ मध्यें तेथें सोनें सांपडलें, खाणवाल्यांची रीघ लागली, आणि १८७७ सालीं कायदा करून सरकारनें ते काढून घेतले. १९८० सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें भरपाई देणें भाग आहे असा निर्णय दिला; व्याजासह ती रक्कम दहा कोटी डॉलरांच्या वर गेली. लकोटांनीं तिला आजवर हात लावलेला नाहीं. त्यांना मोबदला नको, डोंगर परत हवेत.

तेथून सुमारें १७ मैलांवर १९४८ पासून दुसरा एक डोंगर कोरला जात आहे. तेथें लकोटांचा वीर क्रेझी हॉर्स अश्वारूढ दाखविण्याचें योजिलें आहे. त्याचें मुख १९९८ मध्यें पुरें झालें. बाकीचें काम चालू आहे.

जेफर्सनच्या लेखणींतून 'सर्व मनुष्यें समान' हें तत्त्व उतरलें, आणि लिंकननें गुलामगिरी मोडण्यास हात घातला. त्या दोघांचीं मुखें शब्द मोडून घेतलेल्या भूमीवर कोरलीं गेलीं आहेत. मुलांना दोन्ही गोष्टी सांगाव्या. कामगारांचें धाडस ऐकून त्यांना कौतुक वाटेल, तहाची हकीकत ऐकून तीं गप्प होतील. परतीच्या वाटेवर मोटारींत बसून त्यांनीं कांहीं वेळ गप्प राहणें, हेंहि या प्रवासाचें फळच समजावें.