‘बसवतो’ कुठे तोडायचं?

मंडळी, मागच्या व्याख्यानानंतर स्पॅनिश शिकणाऱ्या एका मुलीने आम्हाला विचारलं, क्रियापदाचे तुकडे पाडून जोर कुठे द्यायचा? ‘आब्लो’ घ्या. तुकडे दोन. जोर पहिल्यावर, तर ‘मी बोलतो’. शेवटच्यावर, तर ‘तो बोलला’. शब्द स्वराने, ‘न’ने किंवा ‘स’ने संपला की जोर शेवटून दुसऱ्या तुकड्यावर, एरवी शेवटच्यावर. याहून वेगळं असेल तिथे स्वरावर तिरकी रेघ काढतात. म्हणजे वाचणाऱ्याला सगळं कागदावरच मिळतं.

आपल्याकडे जोराने काळ बदलत नाही. महाडच्या स्टँडवर कंडक्टर ‘पोलादपूऽर’ म्हणून शेवट कितीही ताणो, गाव तेच. आपली अडचण निराळी. पाच अक्षरं लिहितो आणि बोलतो तीनच तुकडे : पो-लाद्-पूर्. अर्धे ‘अ’ तोंडात गळतात आणि कागद त्याबद्दल चकार शब्द काढत नाही.

क्रियापदात तर गळती जागा बदलते. ‘बसव’ : ब-सव्. ‘बसवत’ : बस्-वत्. ‘बसवतो’ : पुन्हा ब-सव्-तो. धातू तोच, मग असं का? शब्द शेवटाकडून तपासत यायचा. अगदी शेवटी ‘अ’ असेल तर तो जातो. मग मागे सरकत, ज्या ‘अ’च्या अलीकडे-पलीकडे एकेकच व्यंजन आणि त्यापुढे स्वर आहे, तो जातो. लागोपाठ दोन जात नाहीत, आणि पहिल्या अक्षरातला कधीच जात नाही. ‘बसवत’मध्ये शेवटचा गेला, म्हणून ‘व’चा राहिला आणि ‘स’चा गेला. ‘बसवतो’मध्ये शेवटी ‘ओ’ ठाम, म्हणून ‘व’चा गेला, ‘स’चा वाचला. (अपवाद आहेत. सामासिक शब्द आधी सांध्यावर सोडवावे लागतात.)

पोलादपूरच्या वरच्या अंगाला एका वाडीवरच्या शाळेत चौथीतला पोरगा ‘ब-स-व-तो’ असं वाचत होता. वर्ग हसला. गुरुजी म्हणाले, “नीट वाच.” नीट म्हणजे कसं, ते काही सांगितलं नाही. वास्तविक कागदावर होतं तेच तो प्रामाणिकपणे वाचत होता! घरी तोच पोरगा ‘आजीला गाडीत बसवतो’ हे बिनचूक बोलत असणार. आम्हीही उमेदीत असे गुण कापलेत, हे कबूल करतो.

आता हनुवटीखाली हात धरा आणि ‘हसवत’, ‘हसवतो’ म्हणा. हनुवटी किती वेळा खाली येते, मोजा.