कवाडे मिटणारा टीव्ही

दिवाळीची झाडलोट म्हणजे घरातल्या जुन्या वस्तूंची वार्षिक परीक्षाच! माळ्यावरून, कॉटखालून, जिन्याच्या पोटातून एकेक वस्तू अंगणात येते आणि तिचा निवाडा होतो. ठेवायची, की भंगारवाल्याच्या हवाली करायची? गेल्या वर्षी दापोलीला मामाच्या घरी अशाच एका आरोपीची सुनावणी चालली होती. चार निमुळत्या पायांवर उभा, पुढे सरकती लाकडी कवाडे, कवाडांना इवलेसे पितळी कुलूप, असा तो कृष्णधवल टीव्ही. भंगारवाल्याने दोनशे रुपये देऊ केले होते. मामेभाऊ म्हणाला, "दोनशे तर दोनशे. जागा तरी मोकळी होईल." मामी काही बोलली नाही. तिने पदराने कवाडांवरची धूळ तेवढी पुसली. ते पाहून मला वाटले, ह्या आरोपीची बाजू कोणीतरी मांडायला हवी. वाचकहो, ते वकीलपत्र मी घेतले आहे!

रेडिओच्या घरचा वारस

आपल्या देशात दूरचित्रवाणी आली ती दिल्लीला, १५ सप्टेंबर १९५९ रोजी. मुंबईकरांना तिचे दर्शन घडायला २ ऑक्टोबर १९७२ हा दिवस उजाडावा लागला. पुढच्याच वर्षी ती पुण्याला पोचली. आता हा नवा पाहुणा दिवाणखान्यात बसवायचा, तर त्याचा पोशाख कसा असावा? काच, तारा आणि व्हॉल्व्ह असे उघडेवाघडे यंत्र गृहिणीने उंबऱ्याच्या आत घेतले नसते. म्हणून कारखानदारांनी त्याला फर्निचरचा वेष चढवला.

ही युक्ती रेडिओकडून वारशाने आलेली. ठाण्याचा मर्फी किंवा टाटांचा नॅशनल एको ज्यांच्या घरी होता, त्यांना हे सांगायला नको. ह्या दोन्ही नावांची माहेरघरे इंग्लंडात होती आणि दोन्ही घराण्यांना पेटीच्या रूपाचा मोठा षोक. एकोने १९३४ साली वेल्स कोट्स ह्या वास्तुशिल्पकाराकडून बॅकेलाइटचा चक्क गोल रेडिओ आखून घेतला, तर मर्फीच्या साध्या, डौलदार लाकडी पेट्या आर. डी. रसेल ह्यांच्यासारख्या कसलेल्या फर्निचरकाराने रेखल्या. यंत्र आतून कसेही असो, घरच्यांशी ओळख होते ती पेटीची, हे त्या मंडळींनी नेमके ओळखले होते.

आपल्याकडे मग नावांची रांगच लागली. अणुऊर्जा खात्याच्या हैदराबादच्या कंपनीचा 'ईसी', शिवाय टेलिव्हिस्टा, वेस्टन, क्राउन, मद्रासचे डायनोरा आणि सॉलिडेअर, टाटांचा नेल्को. पेट्या मोठ्या असत, त्यालाही कारण होते. चित्रनळी म्हणजे काचेचे भले मोठे नरसाळे. तिला मागे ऐसपैस जागा हवी. सुरुवातीच्या संचांतले व्हॉल्व्ह चांगलेच तापत, म्हणून मागे भोकाभोकांचा हार्डबोर्ड हवा. एवढे धूड देखणे करायचे, तर सुताराचाच हात लागतो. प्लायवूडवर सागाचा पातळ पापुद्रा, त्यावर चकचकीत पॉलिश, पुढे ध्वनीसाठी जाळीदार कापड आणि उजव्या हाताला कटकट आवाज करीत फिरणारी वाहिनीची गोल कळ. वाहिनी एकच होती, तरी कळीवर आकडे मात्र बारा!

परदेशीचे नखरे

सौंदर्याच्या ह्या स्पर्धेत परदेशी पाहुण्यांनाही बोलावू या. १९३९ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात आर.सी.ए. कंपनीने जॉन व्हॅसॉस ह्यांनी आखलेला संच मांडला होता. त्यातली चित्रनळी इतकी लांब, की ती पेटीत उभीच बसवावी लागली. चित्र पाहायचे ते झाकणाच्या आतल्या आरशात! आत काही हातचलाखी आहे असे कोणाला वाटू नये, म्हणून प्रदर्शनासाठी एक पेटी पारदर्शक करण्यात आली होती. पन्नाशीच्या दशकात जर्मनीतल्या कुबा कंपनीने 'कोमेट' काढला. तो पाहिला की मला हर्णै बंदरातले गलबतच आठवते. वरचा भाग शिडासारखा तिरपा, तो हवा तसा फिरवता येई. वजन मात्र सव्वाशे किलोंच्या पुढे!

अमेरिकेतल्या फिल्कोने १९५८ साली 'प्रेडिक्टा' आणला. त्याची चित्रनळी पेटीबाहेर मान काढून बसलेली आणि कोणत्याही बाजूला वळणारी. रूप असे, की आजही संग्राहक त्यावर जीव टाकतात. पण पोट नाजूक. संच वारंवार बिघडत. १९६१ साली फिल्को कंपनी फोर्डच्या ताब्यात गेली. इटलीत झानुसो आणि सॅपर ह्या जोडीने १९६४ साली 'अल्गोल' घडवला. त्याचा चेहरा किंचित वर उचललेला, जसे कुत्रे मान वर करून मालकाकडे पाहते. माणूस चंद्रावर उतरल्यावर, १९७० साली, जपानच्या जे.व्ही.सी.ने अंतराळवीराच्या शिरस्त्राणासारखा गोल टीव्हीच बाजारात आणला.

हे सारे सुंदर, यात वाद नाही. तरीही माझे मत दापोलीच्या आरोपीलाच आहे. कसे ते सांगतो.

कवाडांचे शहाणपण

परदेशी पेट्या 'माझ्याकडे पाहा' म्हणतात. आमच्या सरकत्या कवाडांच्या पेटीला 'आता पुरे' असेही म्हणता येत असे. दारे तिकडच्या संचांनाही असत. पण आपल्या घरांत ती जेवढी कामाला आली, तेवढी क्वचितच कुठे आली असतील. चाळीत एका बिऱ्हाडी टीव्ही आला, की 'छायागीत'च्या वेळी तिथे साऱ्या मजल्याची मुले जमत. उंबऱ्यात चपलांचा ढीग आणि खिडकीच्या गजांना लोंबकळणारी डोकी. अशा वेळी कोणाला 'येऊ नकोस' म्हणणे जिवावर येई. मिटलेली कवाडे ते काम न बोलता करीत. परीक्षा जवळ आली, की त्यांना कुलूप लागे आणि किल्ली आईच्या कमरेच्या जुडग्यात जाई.

ह्या कवाडांची घडणही पाहण्याजोगी. लाकडाच्या बोटभर पट्ट्या एकीला एक लावून मागून जाड कापडावर डकवायच्या. पेटीत वरखाली खोबणी. कवाड सरकवले की पट्ट्या कोपऱ्यावर वळतात आणि पेटीच्या बाजूच्या पोकळीत गुडूप होतात. बिजागरी नाही आणि दार उघडायला पुढे जागा नको. दहा बाय बाराच्या खोलीला ह्याहून सोयीचे दुसरे काय हवे?

मामाच्या घरी हा संच आला तो मुंबईच्या मोठ्या मावशीकडून. १५ ऑगस्ट १९८२ पासून रंगीत प्रक्षेपण सुरू झाले, एशियाडसाठी मावशीकडे रंगीत संच आला आणि कृष्णधवल संचाची पाठवणी कोकणात झाली. गोधड्यांत गुंडाळून, आंब्याच्या रिकाम्या पेट्यांबरोबर, ट्रकमधून! मुंबई सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरांहून दूर. अँटेना पोफळीच्या सोटावर चढवली, तरी पडद्यावर चित्रापेक्षा मुंग्याच अधिक. पण कृषी विद्यापीठात कारकुनी करणारे मामा त्या मुंग्यांमधूनही 'आमची माती आमची माणसं' नेमाने पाहत. दिवेलागण झाली की मामी कवाडे मिटून घेई. तिन्हीसांजेला दिवा, शुभंकरोती, परवचा. तेवढा वेळ सारे जग कवाडाआड थांबे. ते मिटलेले पाहून पाहुण्यांना वाटे, दुसरा देव्हाराच आहे.

भिंतीवरच्या आजच्या काळ्या पाटीला हे जमत नाही. ती बंद असली तरी पाहतच असते, आणि खिशातल्या फोनला तर कवाडच नाही.

दापोलीची हवा

अशी पेटी तुमच्या घरी असेल, तर दोन शब्द कामाचे. दापोलीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. त्या ओलीने सागाचा पापुद्रा सुटतो, बुरशी धरते, वाळवी पायांतून वर चढते. पेटी भिंतीपासून वीतभर दूर ठेवा. ओल्या फडक्याने पुसू नका. कवाड अडले तर तेल घालू नका, खोबणीत मेणबत्ती घासा. सुटलेला पापुद्रा सुतार सरस लावून आणि वजन ठेवून बसवून देतो. आणि मुख्य म्हणजे, 'चालतो का पाहू' म्हणून बटण दाबू नका, मागचे फळकूटही उघडू नका. चित्रनळीत निर्वात पोकळी असते, ती फुटली तर काचा उडतात. आणि संच बंद असतानाही तिच्यात विजेचा जबर भार उरलेला असू शकतो. ते काम जाणकार मेकॅनिकचे. आतले सामान काढलेच, तर काचेत शिसे असते हे ध्यानात घेऊन ते ई-कचऱ्याच्या अधिकृत केंद्रातच द्या.

आमच्या पेटीसाठीही सुतार बोलावला. त्याने कवाडाची पट्टीमाळ खोबणीतून अलगद बाहेर काढली, तेव्हा मागच्या कापडावर पेन्सिलीने लिहिलेले एक अक्षर दिसले. 'डा'. म्हणजे डावे कवाड. कुठल्याशा कारखान्यात, चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी, कोणा मराठी सुताराने उजव्या-डाव्याची गल्लत होऊ नये म्हणून काढलेली ती खूण. आमच्या सुताराने ती पाहिली, हसला आणि म्हणाला, "आमचाच कोणीतरी असणार. पट्टी न् पट्टी हाताने लावलीय."

मामेभावाने भंगारवाल्याला फोन करून 'येऊ नका' म्हणून सांगितले. पेटी आता ओसरीवर आहे. संध्याकाळी मामी कवाडे उघडते आणि आत तिच्या चष्म्याशेजारी, पोथ्यांशेजारी मामांचा फोटो दिसतो. दिवा लावला की ती पुन्हा मिटते.

वाचकहो, ह्या दिवाळीला माळा काढाल, तेव्हा एखादी अशी पेटी हाती लागली तर तिचा निकाल घाईने लावू नका. आधी कवाड सरकवून पाहा!