लेवल चार, पुन्हा एकदा

अमेरिकेत जिम्नॅस्टिक्स शिकणाऱ्या मुलींच्या घरी उन्हाळा सुरू होताना एक ईमेल येते. वसंतातल्या स्पर्धा संपलेल्या असतात आणि पुढच्या हंगामात कोण कोणत्या लेवलला खेळणार हे क्लब कळवतो. न्यू जर्सीत किंवा बे एरियात राहणाऱ्या मराठी आईबाबांनी ती उघडावी आणि त्यात लिहिलेलं असावं, ‘लेवल ४, रिपीट’. मग घर गप्प होतं. शाळेत वर्षाला एक इयत्ता चढत मोठे झालेलो आपण, आपल्याला या शब्दाचा एकच अर्थ ठाऊक असतो. पुण्याहून व्हिडिओ कॉलवर आजीही विचारते, ‘तिची मैत्रीण पुढे गेली ना, मग हिचंच काय झालं?’

हिचं काय झालं, हे समजायला आधी शिडी समजून घ्यावी लागते. भारतातल्या स्पर्धा मुख्यतः वयावर बेतलेल्या असतात: सब-ज्युनियर, ज्युनियर, सिनियर. अमेरिकेत आधी कौशल्याची पायरी ठरते आणि त्या पायरीवर वयोगट पडतात. यूएसए जिम्नॅस्टिक्स या राष्ट्रीय संघटनेच्या विकास कार्यक्रमात मुलींसाठी १० लेवल आहेत, त्यानंतर एलिट. लेवल १ ते ५ सक्तीच्या रचनांच्या. देशभरातली लेवल ४ ची प्रत्येक मुलगी फ्लोअरवर त्याच संगीतावर, त्याच क्रमाने, तेच करते. लेवल ६ पासून रचना आपली, संगीत आपलं. पहिल्या तीन पायऱ्या वगळून थेट चौथीपासून स्पर्धेला सुरुवात करता येते, सहावी ओलांडून सातवीत जाता येतं. चौथी आणि पाचवीतून मात्र गुण मिळवूनच पुढे जावं लागतं.

व्हॉल्ट, अनइव्हन बार, बीम आणि फ्लोअर, प्रत्येकी १० गुण, एकूण ४०. वर जाण्यासाठी मान्यताप्राप्त स्पर्धेत ठरावीक किमान गुण मिळवावे लागतात आणि पालकांची गल्लत होते ती इथेच. ही किमान रेषा फार उंच नाही. नीट तयारी झालेली मुलगी ती हंगामाच्या सुरुवातीलाच ओलांडते. म्हणजे नियमाप्रमाणे मुलगी वर जाऊ शकते, पण प्रशिक्षक म्हणतात, ‘अजून नको.’ नियमाने दार उघडलं असताना आपल्या लेकीला कोणी अडवतंय, असं आईबाबांना वाटतं.

पण गुण काय मोजतात? सक्तीच्या लेवलमध्ये ते नीटनेटकेपणा मोजतात. गुडघा वाकला, पायाचा अंगठा ताणलेला नव्हता, बीमवर तोल गेला, की दशांश-दशांशाने गुण जातात. पडलं तर अर्धा गुण. हे सगळं त्या वर्षीच्या ठरलेल्या रचनेपुरतं. पुढच्या वर्षीची उडी येते का, हे त्या आकड्यात कुठेच नसतं. लेवल ५ ला फ्लोअरवर राउंड-ऑफ, बॅक हँडस्प्रिंग आणि त्याला जोडून बॅक टक, म्हणजे हात न टेकता हवेत मागे घेतलेली कोलांटी, करावी लागते. लेवल ४ ला सुंदर ३७ गुण घेणाऱ्या मुलीच्या पायांत ती कोलांटी नसू शकते. आणि ३४ वर अडकलेली, वाकड्या गुडघ्यांची एखादी मुलगी ती सहज मारत असते.

बारवरच्या किपची गोष्ट तर प्रत्येक जिम्नॅस्टच्या घरी माहीत असते. बारला लोंबकळून पुढे झोका घ्यायचा, पाय बारपर्यंत आणायचे आणि परतीच्या झोक्यात अंग बारवर चढवायचं. लेवल ४ ला ही लागतेच. पोट आणि खांद्यांतली ताकद आणि नेमका क्षण, दोन्ही एकत्र जुळावे लागतात, म्हणून ती कुणाला महिन्याभरात येते, कुणाला वर्ष लागतं. मधल्या काळात हातांवर फोड येतात, रडू येतं, आणि बाहेर काचेमागे बसलेल्या आईला वाटतं की पोरगी प्रयत्नच करत नाही. ती करत असते. किप आली तरी ताजंतवानं असताना आलेली किप आणि तीन तासांच्या सरावाच्या शेवटी, कुणी हात न लावता, सलग पाच वेळा आलेली किप यांत फार फरक आहे. चांगला प्रशिक्षक दुसरीची वाट पाहतो.

त्यात शरीर वाढत असतं. उंची झपाट्याने वाढली की कालपर्यंत जमणारी उडी आज जमत नाही. मनगट, टाच, गुडघा इथली हाडांची वाढीची टोकं अजून कोवळी असतात आणि दुखणी तिथेच सुरू होतात. भीतीचंही तसंच. काल सहज मागे झेप घेणारी मुलगी आज १० सेंटिमीटर रुंदीच्या बीमवर नुसती उभी राहते, हलत नाही. हवेत आपण कुठे आहोत हेच कळेनासं होणं जगातल्या सर्वश्रेष्ठ खेळाडूच्याही वाट्याला येतं. टोकियो ऑलिंपिकमध्ये अमेरिकेची सिमोन बाइल्स त्याच कारणाने सांघिक अंतिम फेरीतून बाहेर पडली. नऊ वर्षांच्या मुलीला अशा वेळी वरची लेवल देणं हे शौर्य नव्हे.

तरी प्रशिक्षकांचं सगळंच बरोबर, असं मी म्हणणार नाही. मुलीला मुद्दाम खालच्या लेवलला ठेवून क्लबच्या भिंतीवर चषक वाढवण्याची सवय या खेळात आहे आणि तिला ‘सँडबॅगिंग’ असं नावही आहे. ओळखायची कशी? सराव पाहा. रिपीट करणारी मुलगी दुपारभर जुनीच रचना घोटते आहे, की तिला पुढच्या लेवलची कौशल्यंही शिकवली जात आहेत? दुसरं असेल तर ते वर्ष तिच्या कामी येतं. पहिलं असेल तर ते वाया जातं आणि तसं स्पष्ट बोलायला हवं.

या लेवलच्या शिडीला समांतर असलेला एक्सेल हा दुसरा रस्ता आपल्या घरांत उगाचच कमी लेखला जातो. ब्रॉन्झपासून सफायरपर्यंत सहा विभाग, पहिल्यापासून स्वतःची रचना, सहसा सरावाचे तास कमी. शाळा, कथक आणि जिम्नॅस्टिक्स तिन्ही हवं असलेल्या मुलीसाठी तो उत्तम आहे. विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीचा हिशेब मांडून आठ वर्षांच्या मुलीला यापासून दूर ठेवू नका. मोठ्या महाविद्यालयीन संघांत पोहोचणाऱ्या मुली बहुतेक लेवल १० किंवा एलिटमधून येतात आणि मुलींचे जिम्नॅस्टिक्स संघ असलेली विद्यापीठं देशभरात शंभराच्या आतच आहेत.

तेव्हा ईमेल आली की प्रशिक्षकांची वेळ मागा. ‘ती वर का नाही?’ असं विचारण्यापेक्षा, ‘कोणती कौशल्यं बाकी आहेत आणि ती कधीपर्यंत पाहणार?’ असं विचारा आणि उत्तर लिहून घ्या. सराव बसून पाहण्याचा आग्रह सोडू नका. जिम्नॅस्टिक्स संघाचा डॉक्टर लॅरी नासर याच्या लैंगिक अत्याचारांच्या प्रकरणात १५० हून अधिक मुली आणि स्त्रियांनी २०१८ मध्ये न्यायालयात जे सांगितलं, त्यानंतर ‘पालकांनी आत येऊ नये’ असं म्हणणाऱ्या जिममध्ये मुलीला ठेवायला कोणतंही कारण उरलेलं नाही. आणि मुलीशी बोलताना मैत्रिणीची लेवल काढू नका, आजीलाही तसं सांगून ठेवा. घरी येताना गाडीत गुणांबद्दल विचारण्याऐवजी आज काय नवीन केलंस, एवढंच विचारा.