‘एका’ला मिळालेले ११७.९

नोव्हेंबर २००७. जगातल्या ५०० सर्वांत वेगवान संगणकांच्या यादीत पुण्याचा ‘एका’ चौथा आला, आशियात पहिला. टाटा समूहाच्या कम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीजचं हे यंत्र. गुण ११७.९ टेराफ्लॉप्स, म्हणजे सेकंदाला जवळजवळ ११८ लाख कोटी गणिती क्रिया.

कागदावर त्याची ताकद याहून मोठी होती. १४,२४० कोअर, प्रत्येकाची गती ३ गिगाहर्ट्झ, दर ठोक्याला ४ क्रिया. गुणाकार येतो १७०.८८ टेराफ्लॉप्स. पण यादीतला क्रमांक या गुणाकारावर ठरत नाही, हीच तिची थोरवी. जॅक डोंगारा यांच्या लिनपॅक चाचणीत यंत्राला एकसामयिक समीकरणांचा प्रचंड संच सोडवावा लागतो. अज्ञात ‘न’ असतील, तर ‘न’च्या घनाच्या सुमारे दोन तृतीयांश क्रिया लागणार, हे आधीच ठाऊक असतं. त्यांना लागलेल्या सेकंदांनी भागलं की गुण मिळाला. ‘एका’चे ३१ टक्के गळाले, कारण कोअरना एकमेकांच्या उत्तरांची आणि मेमरीतून येणाऱ्या आकड्यांची वाट पाहावी लागते.

लॅपटॉपच्या प्रोसेसरची परीक्षा एका विषयाची नसते. फाइल आवळणं, फोटो सुधारणं, प्रोग्रॅम कम्पाइल करणं अशी अनेक कामं देतात आणि प्रत्येक वेळ एका ठरलेल्या संदर्भयंत्राशी ताडतात. गीकबेंच ६ या चाचणीत इंटेल कोअर आय७-१२७०० चे २५०० गुण धरले आहेत. ५००० म्हणजे त्याच्या दुप्पट.

मग सरासरी. इथे साधी सरासरी फसवते. एक यंत्र पहिल्या कामात दुप्पट वेगवान, दुसऱ्यात निम्मं. २ आणि ०.५ ची सरासरी १.२५. आता दुसऱ्या यंत्राच्या बाजूने मोजा, तरीही १.२५! दोघंही एकमेकांपेक्षा सरस कशी? म्हणून ‘स्पेक’सारख्या चाचण्या गुणोत्तरांचा गुणाकार करून त्याचं मूळ काढतात, म्हणजे भूमितीय मध्य घेतात. तो येतो १, आणि तोच न्याय्य.

मंद्रूपहून लॅपटॉप घ्यायला सोलापूरला निघालेल्या विद्यार्थ्यांना कळकळीने सांगावंसं वाटतं: नुसता एकूण गुण पाहू नका. चाचणी कोणती, आवृत्ती कोणती, गुण एका कोअरचा की सगळ्यांचा, हे विचारा. गीकबेंच ५ आणि ६ चे आकडे एकमेकांशी ताडू नका, त्यांची संदर्भयंत्रं वेगळी आहेत. आणि तुमचं रोजचं काम त्या चाचणीत आहे का, हे आधी बघा.