सारखी चूक

हिंगोली तालुक्यातील कयाधूकाठचे नरसी हे गाव संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाते, म्हणूनच ते नरसी नामदेव. नामदेवांच्या गाथेच्या अभ्यासकांपुढे एक जुनी अडचण आहे. हस्तलिखितांत नामदेवांच्या नावावर मिळणारे सगळेच अभंग त्यांचे नाहीत. ‘नामा’ ही छाप लावणारे कवी पुढेही झाले. सोळाव्या शतकातील विष्णुदास नामा हे त्यांतले ठळक नाव. शिवाय छपाई येण्यापूर्वी ग्रंथ हाताने उतरवून घेत, आणि प्रत्येक उतारा करणाऱ्याच्या हातून काही ना काही निसटे. ज्ञानेश्वरीचीही हीच गत झाली होती, म्हणून एकनाथांनी शके १५०६ मध्ये तिचे पाठ शुद्ध केले.

कोणती पोथी कोणत्या पोथीवरून उतरवली हे ओळखायचे कसे? दोन पोथ्यांत शुद्ध शब्द सारखे असतील तर त्यातून काही कळत नाही, कारण ते मूळ ग्रंथातच होते. पण एकच ओळ दोघींत गळलेली असेल, एकच अक्षर दोघींत चुकीचे असेल, तर त्यांचे नाते जवळचे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार झाली, तेव्हा असंख्य पोथ्यांची घराणी लावताना अशा सामाईक पाठभेदांचा मोठा उपयोग झाला. जीवशास्त्रातही हीच युक्ती चालते. माणसाच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही, कारण त्यासाठी लागणारे एक जनुक बिघडलेले आहे. चिंपांझीतही ते बिघडलेले आहे, आणि बिघाडाच्या काही खुणा नेमक्या त्याच जागी आहेत. दोघांनी ती चूक एकाच पूर्वजाकडून उतरवून घेतली आहे.

शाळेतील नक्कल, म्हणजे आपल्या बोलीतली ‘कॉपी’, तपासताना अनुभवी शिक्षक नकळत हेच तत्त्व वापरतात. दोघांची बरोबर उत्तरे जुळली तर कोणी भुवया उंचावत नाही. चुकीची जुळली की पेन थांबते. पण येथे घाई करू नये. किती जुळणी म्हणजे संशय, हे आकड्यांनीच पाहू.

समजा चार पर्यायांचे प्रश्न आहेत आणि दोन मुलांचे पाच प्रश्न सामाईकपणे चुकले आहेत. प्रत्येक प्रश्नात चुकीचे पर्याय तीन. तिन्ही सारखेच मोहात पाडणारे असतील तर एका प्रश्नात दोघांची चूक सारखी असण्याची शक्यता १/३. पाचही प्रश्नांत सारखी असण्याची १/२४३. ही शक्यता नगण्य वाटते. पण चाळीस मुलांच्या वर्गात दोघादोघांच्या जोड्या ७८० होतात. सर्वच जोड्यांचे पाच प्रश्न सामाईक चुकले असे धरले, तर त्यांतील तीनेक जोड्या केवळ योगायोगाने पूर्ण जुळतील.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की चुकीचे पर्याय कधीच सारखे मोहक नसतात. ‘उन्हाळा का येतो?’ या प्रश्नाला ‘पृथ्वी सूर्याच्या जवळ येते म्हणून’ हा पर्याय ठेवला तर चुकणारी बहुतेक मुले तोच निवडतील. अशा पर्यायाकडे १०० पैकी ७० चुकणारे वळतात आणि उरलेल्या दोहोंकडे १५-१५, असे धरा. मग दोघांची चूक जुळण्याची शक्यता ०.४९ + ०.०२२५ + ०.०२२५, म्हणजे सुमारे ०.५३५ होते. पाचही वेळा जुळण्याची शक्यता १/२४३ वरून सुमारे १/२३ वर येते! वर्गभर एकच चूक दिसली तर ती शेजाऱ्याच्या वहीतून आली असेल किंवा गाईडातून आली असेल. ती आपल्या फळ्यावरूनही आली असेल, ही शक्यता शिक्षकाने आधी तपासावी.

म्हणून एकेका जोडीपेक्षा बैठकव्यवस्था पाहणे अधिक भरवशाचे. शेजारी बसलेल्यांच्या चुका जितक्या जुळतात, तितक्याच वर्गाच्या दोन टोकांना बसलेल्यांच्याही जुळतात का? अमेरिकेतील अर्थशास्त्रज्ञ स्टीव्हन लेव्हिट आणि तैवानचे मिंग-जेन लिन यांनी एका विद्यापीठाच्या विज्ञानवर्गात हाच हिशेब केला आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. सत्रमध्य परीक्षेत किमान दहा टक्के विद्यार्थ्यांनी नक्कल केल्याचे त्यांना दिसले. अंतिम परीक्षेत जागा चिठ्ठ्या टाकाव्यात तशा वाटून दिल्या, पर्यवेक्षक वाढवले, आणि नक्कल जवळजवळ नाहीशी झाली. कोणालाही उपदेश केला नव्हता.

येथे आपण मूळ प्रश्नाकडे येतो. नक्कल करणारा मुलगा ‘लबाड’ असतो का? १९२८ मध्ये हार्टशोर्न आणि मे या दोन अमेरिकी संशोधकांनी आठ ते सोळा वयाच्या सुमारे अकरा हजार मुलांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांतील एक युक्ती साधी होती. मुलांच्या उत्तरपत्रिका गोळा करून त्यांची गुपचूप नोंद घ्यायची, मग त्या मुलांकडेच गुण द्यायला परत द्यायच्या, आणि उत्तरांत मागाहून काय बदलले ते पाहायचे. वर्गात फसवणारा मुलगा खेळात प्रामाणिक निघे. एका परीक्षेत प्रामाणिक असलेला दुसरीत फसवी. पुढे याच आकड्यांची फेरतपासणी झाली तेव्हा स्वभावाचा काही धागा त्यांत आढळला, पण तो बारीकच. प्रसंग, शेजारी आणि वर्गातले वातावरण यांचा भाग मोठा. ‘हा कॉपीबहाद्दर’ असा शिक्का मारणे म्हणूनच शास्त्राला धरून नाही आणि उपयोगाचेही नाही.

मोठ्या प्रमाणावरील उदाहरण आपल्या शेजारीच आहे. नांदेड जिल्ह्यात २०१० च्या सुमारास जिल्हाधिकारी डॉ. श्रीकर परदेशी यांनी दहावी-बारावीच्या परीक्षा कॉपीमुक्त करण्याची मोहीम घेतली. तोवर केंद्राबाहेर खिडक्यांशी गर्दी करणारे विद्यार्थी नसत, ते त्यांचे नातेवाईक आणि हितचिंतक असत. बैठी पथके आली, गर्दी हटली, आणि जिल्ह्याचा निकाल चांगलाच घसरला. ‘नांदेड पॅटर्न’ हे नाव पुढे राज्यभर झाले. कायदा त्याआधीही होता. परीक्षांतील गैरप्रकारांना प्रतिबंध करणारा महाराष्ट्राचा अधिनियम १९८२ चा आहे. कायदा तोच असताना केवळ खिडकीजवळची परिस्थिती बदलली आणि वर्तन बदलले, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. मात्र पथकाने नक्कल थांबते, न आलेले गणित येऊ लागत नाही. ते काम जूनपासून फेब्रुवारीपर्यंतचे आहे, आणि ते पथकाचे नाही.

नक्कल करणाऱ्याचे नेमके काय जाते? गुण तर त्याला मिळतातच. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिके यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. काहींनी तो पुन्हा वाचला. काहींनी न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा पुन्हा वाचणारे सरस ठरले, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के आठवले, वाचणाऱ्यांना ४२. म्हणजे परीक्षा हे केवळ मोजमाप नाही. आठवण्याची धडपड हाच शिकण्याचा एक भाग आहे. शेजाऱ्याचे उत्तर उतरवणारा नेमकी तीच धडपड टाळतो. ही गोष्ट आठवी-नववीच्या मुलांना आकड्यांसह सांगावी. त्यांना ती पटते.

आता वर्गात करता येण्याजोगे थोडे. घटक चाचणीत हजेरी क्रमांकच प्रश्नात घालावा. ‘तुमच्या हजेरी क्रमांकाइतक्या न्यूटनचे बल २ किलोग्रॅम वस्तुमानावर लावले तर त्वरण किती?’ सतराव्याचे उत्तर ८.५, अठराव्याचे ९. पद्धत एकमेकांना विचारली तरी हरकत नाही, उत्तर उतरवून उपयोग नाही. आणि अठराव्याने ८.५ लिहिले तर काय झाले ते त्यालाही कळते. तपासायला शिक्षकाला निम्मे करण्यापलीकडे कष्ट नाहीत. दुसरे, गावातूनच प्रश्न काढावेत. आपल्या घराजवळच्या विहिरीचे पाणी पोळ्याला किती खोल होते आणि होळीला किती खोल गेले, हे मोजून आणायला सांगितले तर कयाधूकाठच्या आणि माळावरच्या मुलांची उत्तरे वेगळी येतात, आणि ती वेगळी का, हा पुढचा धडा होतो. गाईडात हे उत्तर नसते.

सर्वांत जास्त नक्कल जिथे होते त्या जागेचा उल्लेख मात्र सहसा कोणी करत नाही. ती म्हणजे प्रयोगवही. एक मीटर लांबीच्या दोलकाचा दोलनकाल सुमारे २ सेकंद. वीस दोलनांना सुमारे ४० सेकंद. हाताने घड्याळ दाबताना कोणाला ३९.६ येतील, कोणाला ४०.७, दोरी मोजण्यातही दोन-चार मिलिमीटर इकडेतिकडे होतात. तरीही कित्येक शाळांत तीस वह्यांत एकच आकडा दशांशासह असतो. असे का, याचे उत्तर बहुधा आपल्या लाल पेनात सापडेल. ज्याचे गुरुत्वत्वरण ९.८ न येता ९.५ आले त्याचा गुण आपण कापतो. पुढच्या वेळी तो मुलगा ९.८ वरून उलटे गणित करून निरीक्षणे भरतो किंवा वर्षभर आधीच्या मुलाची वही आणतो. त्याने नियम बरोबर ओळखलेला असतो!

याला एक सोपा उपाय आहे. प्रयोग झाल्याबरोबर, वह्या उघडण्यापूर्वी, प्रत्येक गटाचा आकडा फळ्यावर लिहून घ्यावा, न आवडणाराही. सरासरी काढावी, सर्वांत लांबचा आकडा कोणाचा ते पाहावे आणि त्या गटाला दोरी पुन्हा मोजायला सांगावे. गुण आकड्याला न देता ‘आमचा आकडा वेगळा का आला’ या दोन ओळींना द्यावेत. पहिल्या खेपेला मुले संकोचतात आणि शेजारच्या गटाचा आकडा ऐकून आपला सांगतात. म्हणून आधी चिठ्ठीवर लिहून घ्यावा, चिठ्ठ्या गोळा कराव्यात आणि मग फळ्याकडे वळावे.