खिडकीविना चालणारा ‘आरटोरंट’

एखादी मोठी फाइल हजारो लोकांना एकाच वेळी हवी असली, की ती पुरविणाऱ्या सर्व्हरवर ताण येतो आणि वेग मंदावतो. अमेरिकी प्रोग्रामर ब्रॅम कोहेन यांनी २००१ साली आणलेल्या ‘बिटटोरंट’ पद्धतीने हे गणित उलटे केले. या पद्धतीत फाइलचे लहान तुकडे पाडले जातात आणि ज्याच्याकडे जो तुकडा पोहोचला, तो त्याने इतरांना द्यायचा असतो. घेणारे वाढले, की देणारेही वाढतात. प्रत्येक तुकड्याची ओळख पटविणारा गणिती ठसा आधीच नोंदविलेला असतो. त्याच्याशी न जुळणारा तुकडा टाकून दिला जातो. त्यामुळे अनोळखी संगणकांकडून तुकडे गोळा करूनही मुळाबरहुकूम फाइल तयार होते.

मात्र आपली फाइल पूर्ण उतरली, की अनेक जण प्रोग्राम बंद करून मोकळे होतात. संपूर्ण फाइल जवळ असलेल्या संगणकाला ‘सीडर’ म्हणतात. शेवटचा सीडर निघून गेला आणि उरलेल्यांकडे मिळूनही सर्व तुकडे नसले, तर सारेच ९९ टक्क्यांवर अडकून बसतात. तेव्हा कोणीतरी टिकून राहणे आवश्यक असते. पण त्यासाठी संगणक अहोरात्र चालवायचा, तर त्याच्यावरील भार कमीत कमी हवा. ‘आरटोरंट’ उपयोगी पडतो तो येथेच.

यारी सुंडेल यांनी सी प्लस प्लस भाषेत लिहिलेला हा मुक्त प्रोग्राम लिनक्स व तत्सम प्रणालींवर चालतो. प्रोग्रामरांच्या जगात सुंडेल यांनी घेतलेले टोपणनाव मराठी वाचकाच्या चांगलेच ओळखीचे आहे : ‘राक्षस’. त्यांची निर्मिती मात्र अगदी सडपातळ आहे. तिच्यात खिडक्या, चित्रे, जाहिराती काहीही नाही. टर्मिनलवर केवळ अक्षरांच्या ओळी उमटतात. बाणांच्या कळांनी यादीत फिरायचे; कंट्रोल व एस या कळा एकत्र दाबल्या, की निवडलेले काम सुरू होते, कंट्रोल व डी दाबल्यास थांबते आणि कंट्रोल व क्यू दाबल्यास प्रोग्राम बंद होतो. देण्याच्या वेगावरील मर्यादाही कळांनीच कमी-जास्त करता येते. फाइलमधील मजकुराची वेगळी प्रत स्वतःजवळ न साठविता, तो प्रणालीच्या मेमरी-मॅपिंगच्या सोयीने जाळ्याकडे पाठविला जातो. त्यामुळे जुन्या, दुबळ्या संगणकावरही हा प्रोग्राम सुखाने चालू शकतो.

खिडकी नसल्याचा आणखी एक लाभ आहे. एसएसएचद्वारे दूरच्या संगणकात शिरून ‘स्क्रीन’ किंवा ‘टीमक्स’ या साधनात आरटोरंट सुरू केला, की मधली जोडणी तोडली तरी काम थांबत नाही. त्या संगणकाला मॉनिटर असण्याचीही गरज नसते. ठरवून दिलेल्या फोल्डरमध्ये टोरंट फाइल टाकताच ती आपोआप उचलली जावी, अशी व्यवस्थाही एका साध्या मजकूर-फाइलमध्ये लिहून ठेवता येते. कळा पाठ करण्याचा कंटाळा असणाऱ्यांसाठी ‘रूटोरंट’ हा ब्राउझरमधून वापरायचा मुखवटा उपलब्ध आहे.

साधन हलके असले, तरी जबाबदारी हलकी होत नाही. डेबियन, उबुंटू यांसारख्या लिनक्स प्रणाली टोरंटद्वारे अधिकृतपणे वाटल्या जातात. चित्रपट वा पुस्तक विनापरवाना वाटणे मात्र गुन्हा ठरू शकतो. भारतात १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ मध्ये सहा महिने ते तीन वर्षे कारावासाची तरतूद आहे. शिवाय तुकड्यांची देवघेव करणाऱ्यांना एकमेकांचे आयपी पत्ते दिसतात, त्यामुळे येथे आडोसा आहे असे समजू नये.

आरटोरंटच्या यादीत प्रत्येक फाइलपुढे ‘आर’ या अक्षरानंतर एक आकडा दिसतो. घेतलेल्याच्या किती पट परत दिले, याचा तो हिशेब. तो निदान एकवर पोहोचेपर्यंत प्रोग्राम चालू ठेवावा, असा संकेत टोरंट वापरणाऱ्यांत रूढ आहे.