आगबोटीवरील करमणुकीचा दिवस

आगबोटीचा प्रवास म्हटला की कोकणपट्टीतल्या वडीलधाऱ्या माणसांना एक गोष्ट हटकून आठवते, ती म्हणजे बोट लागणे. एके काळी मुंबईहून रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ले गाठायचे तर बोट हाच सोयीचा मार्ग होता. डेकवर सतरंजी पसरायची, ट्रंक उशाला घ्यायची आणि आपले बंदर केव्हा येते याची वाट पाहत पडायचे. त्या प्रवासात मजा मुळीच नव्हती असे नाही. पण मजेसाठी म्हणून कोणी बोटीत बसत नसे. गावी पोचायचे म्हणून बसत.

आता याच्या अगदी उलट प्रकार पाहा. आज जगात वर्षाकाठी तीन कोटींहून अधिक माणसे अशा बोटींत बसतात, की ज्यांना कुठे पोचण्याची घाईच नसते. आठवडाभर समुद्रात फिरायचे, वाटेत दोनचार बंदरे पाहायची आणि बहुधा निघालो त्याच धक्क्याला परत यायचे. या बोटींना क्रूझ म्हणतात. आपण त्यांना सहलीची बोट म्हणू. अशा बोटीवर एखाद्या कुटुंबाचा दिवस कसा जातो, आणि तो आनंदात जावा म्हणून पडद्यामागे काय काय करावे लागते, हे आज पाहू.

प्रथम थोडा इतिहास. हँबुर्गच्या एका आगबोट कंपनीचे चालक आल्बर्ट बालिन यांच्यापुढे एक अडचण होती. हिवाळ्यात उत्तर अटलांटिक महासागर खवळलेला असतो, उतारू कमी होतात आणि मोठमोठ्या बोटी नुसत्या उभ्या राहतात. त्यांनी जानेवारी १८९१ मध्ये 'ऑगुस्टा व्हिक्टोरिया' ही बोट भूमध्य समुद्राच्या सहलीला काढली. लोकांनी त्यांना हसण्यावारी नेले असेल, पण सहल यशस्वी झाली. पुढे १९०० साली खास सहलीसाठीच बांधलेली बोटही पाण्यात उतरली. मात्र या धंद्याला खरा जोर आला तो विमानांमुळे. १९५८ साली जेट विमाने अटलांटिक ओलांडून उतारू नेऊ लागली. बोटीला जिथे पाच दिवस लागत, तिथे विमानाला आठ तासांच्या आसपास पुरू लागले. मग बोटीने कोण जाणार? कित्येक बोटी मोडीत निघाल्या. ज्यांना टिकायचे होते त्यांनी उबदार समुद्राची वाट धरली. डिसेंबर १९६६ मध्ये अमेरिकेतील मायामी बंदरातून 'सनवर्ड' ही बोट सहलीला निघाली, आणि मायामी हे पुढे या धंद्याचे माहेरघरच बनले.

याच मायामीहून २७ जानेवारी २०२४ रोजी 'आयकॉन ऑफ द सीज' ही बोट पहिल्या सफरीवर निघाली. ती फिनलंडमधील टुर्कू येथे बांधली गेली. लांबी सुमारे ३६५ मीटर, मजले २०. पूर्ण भरली तर ७,६०० उतारू आणि त्यांच्या दिमतीला २,३५० नोकरचाकर व खलाशी. म्हणजे जवळजवळ दहा हजार वस्तीचे एक गावच पाण्यावर तरंगते आहे असे समजा. या गावात शेत नाही, विहीर नाही. समुद्राचे खारे पाणी यंत्रांनी गोडे करून घ्यायचे आणि धान्य, भाजी, दूध एकदा बंदरात भरून घ्यायचे, ते सबंध फेरी पुरवायचे.

या गावात एक कुटुंब आले आहे असे धरू. आजी, आईवडील, पंधरा वर्षांचा मुलगा, आठ वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा धाकटा. बोटीवर पाऊल टाकल्यावर यांनी पहिली गोष्ट कोणती करायची? पोहायला जायचे? जेवायला? नाही. पहिली गोष्ट म्हणजे संकटाची तालीम. बोटीचा भोंगा सात वेळा आखूड आणि एकदा लांब वाजला की आपण कोठे जमायचे, जीवरक्षक जाकीट कसे बांधायचे, हे प्रत्येकाने शिकून घ्यायचे. यातून आजीची सुटका नाही आणि धाकट्याचीही नाही.

हा नियम काही उगाच आलेला नाही. १९१२ साली 'टायटॅनिक' बुडाली. त्या बोटीवर पोहण्याचा तलाव होता, व्यायामशाळा होती. नव्हत्या त्या सगळ्यांना पुरतील इतक्या होड्या. त्यानंतर १९१४ साली समुद्रावरील जीविताच्या रक्षणाचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. पण नियम तरी किती काटेकोर असावा? १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या किनाऱ्याजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' ही सहलीची बोट खडकावर आदळली आणि ३२ माणसे दगावली. त्या वेळच्या नियमाप्रमाणे बोट सुटल्यावर चोवीस तासांच्या आत तालीम घेतली तरी चालत असे. त्याच संध्याकाळी चढलेल्या काहीशे उतारूंची तालीम दुसऱ्या दिवशी व्हायची होती. तो दुसरा दिवस उजाडलाच नाही! म्हणून १ जानेवारी २०१५ पासून नियम बदलला: तालीम बोट सुटण्यापूर्वी, नाहीतर सुटल्याबरोबर लगेच. आधी शिस्त, मग मजा.

आता मजेकडे वळू. दुसरा दिवस उजाडला आहे, बोट भर समुद्रात आहे. दिवसभराचा कार्यक्रम कुटुंबाला आदल्या दिवशीच कळलेला असतो. पूर्वी छापील कागद खोलीत येऊन पडे, आता तो मोबाइलवरही दिसतो. शाळेच्या वेळापत्रकासारखाच तो तासातासाने आखलेला असतो. हजारो माणसे एकाच वेळी जेवणघरात किंवा एकाच वेळी तलावात शिरली, तर करमणुकीचा बाजार उठायला वेळ लागणार नाही. म्हणून गर्दी वाटून देणे हेच या वेळापत्रकाचे मुख्य काम.

मुलांसाठी वयावार वर्ग असतात: तीन ते पाच, सहा ते नऊ, दहा ते बारा, आणि तेरा ते सतरा वर्षांच्या मुलांची जागा निराळी. शिक्षकमंडळींना याचे कारण सांगायला नको. चार वर्षांच्या मुलाला रंग आणि गाणी हवीत, आठ वर्षांच्या मुलीला प्रयोग करून पाहायचे असतात, आणि पंधरा वर्षांच्या मुलाला काय हवे म्हणाल, तर आईवडील जवळ नकोत! धाकट्याला सोडताना आणि नेताना पालकांची नोंद होते. कोणीही यावे आणि मूल घेऊन जावे, असे तिथे चालत नाही.

दुपारी मुले पाण्याच्या घसरगुंड्यांवर जातात. या एका बोटीवर अशा सहा घसरगुंड्या आणि सात तलाव आहेत. बोट हलली तर तलावातले पाणी हिंदकळून बाहेर पडणार नाही का? पडू शकते. म्हणूनच बोटीच्या दोन्ही अंगांना पाण्याखाली माशाच्या परांसारखे पंखे बसवलेले असतात. बोट एका अंगाला कलू लागली की ते आपला कोन बदलतात आणि पाण्याच्या जोरानेच तिला पुन्हा सरळ करतात. त्यामुळे बोट लागणे पुष्कळच कमी झाले आहे. अगदी गेले आहे, असे मात्र कोणी म्हणू नये.

आजीला नवल वाटते ते निराळ्याच गोष्टीचे. बाहेर घाम काढणारे ऊन आणि आत बर्फावर घसरत नाचणारे कलावंत! युक्ती साधी आहे. जमिनीखाली नळ्यांचे जाळे असते आणि त्यांतून गोठणबिंदूच्याही खाली थंड केलेले द्रव फिरवतात. वर पाण्याचे पातळ थर देत गेले की बर्फ जमत जातो. घरातल्या शीतकपाटाचे आणि याचे तत्त्व एकच. रात्री नाट्यगृहात खेळ असतो, कसरती असतात, उंचावरून पाण्यात उड्या मारणारे असतात. पण समुद्र फार चढला असेल तर असा खेळ सरळ रद्द करतात. प्रेक्षक खट्टू झाले तरी कलावंताची मान मोडण्यापेक्षा ते बरे. वडिलांना मात्र एक हिशेब ठेवावा लागतो. भाड्यात राहणे, साधे जेवण आणि पुष्कळशी करमणूक धरलेली असते; पण दारू, जुगार, खास जेवणघरे यांचे पैसे वेगळे, आणि ते हातात नोटा न घेता नावावर मांडले जातात. शेवटच्या दिवशी जे बिल समोर येते, ते पाहून कित्येकांची करमणूक तिथेच संपते.

हा झाला उतारूंचा दिवस. पण करमणूक करणाऱ्यांचा दिवस? पहाटे भटारखाना पेटलेला असतो आणि मध्यरात्रीनंतर डेक धुतला जात असतो. ही माणसे फिलिपीन्समधून, इंडोनेशियातून, आणि आपल्याकडूनही येतात. गोव्यात बोटीवर नोकरी करणाऱ्याला तारवटी म्हणतात. गोव्यात आणि कोकणात अशी अनेक घरे आहेत, की ज्यांची भिंत, कौल आणि मुलांचे शिक्षण बोटीवरच्या पगारातून उभे राहिले. करार बहुधा सहा ते नऊ महिन्यांचा असतो. म्हणजे दुसऱ्यांच्या मुलांना हसवणारा हा बाप आपल्या मुलाचा वाढदिवस फोनवर साजरा करतो.

त्यांच्यासाठी कायदा आहे. २००६ साली ठरलेला नाविकांच्या श्रमाचा आंतरराष्ट्रीय करार ऑगस्ट २०१३ मध्ये अमलात आला, आणि भारताने त्याला २०१५ साली मान्यता दिली. चोवीस तासांत निदान दहा तास आणि सात दिवसांत निदान सत्त्याहत्तर तास विश्रांती, असे त्यातले एक माप आहे. हिशेब करा, म्हणजे कामाचा दिवस केवढा लांब असू शकतो ते कळेल. मार्च २०२० मध्ये साथीमुळे सहली थांबल्या. उतारूंना उतरवून घेतले गेले, पण हजारो नोकरमाणसे रिकाम्या बोटींवर अडकून पडली. बंदरे त्यांना घेईनात. एप्रिल २०२० मध्ये 'मारेला डिस्कव्हरी' या बोटीवरच्या शंभराहून अधिक भारतीयांना मुंबई बंदरात उतरता आले. इतरांना कितीतरी आठवडे वाट पाहावी लागली.

एवढे सगळे ऐकून कोणी विचारील, की मायामीच्या बोटीशी आमचा संबंध काय? संबंध असा. आपण एवढ्या मोठ्या बोटीत बसू किंवा न बसू, पण होडीत बसतोच. जत्रेला जाताना बसतो, धरणावर बसतो, शाळेच्या सहलीत बसतो. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट भर पावसाळ्यात बुडाली आणि सहाशेच्या वर माणसे गेली. कोकणातली घरे ते अजून विसरलेली नाहीत. आणि अगदी अलीकडे, १८ जानेवारी २०२४ रोजी, वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची नाव उलटली. बारा मुले आणि दोन शिक्षिका गेल्या. नावेत माणसे जास्त होती, आणि पुष्कळ मुलांच्या अंगावर जाकिटे नव्हती. त्या मुलांचाही तो करमणुकीचाच दिवस होता. पुढे नऊच दिवसांनी मायामीहून ती वीस मजली बोट निघाली, आणि तिच्यावर तालीम झाल्यावाचून एकाही उतारूची सहल सुरू झाली नाही.

तेव्हा गुरुजींनो आणि बाईंनो, पुढच्या सहलीत मुले नावेकडे धावतील, तेव्हा क्षणभर त्यांना थांबवा. नाव किती माणसांची आहे ते विचारा. तितकीच मोजून बसवा. प्रत्येकाच्या अंगावर जाकीट आहे आणि त्याचे बंद बांधले आहेत, हे स्वतः हात लावून पाहा. नावाडी म्हणेल, "अहो, पाचच मिनिटांचा तर फेरा आहे!" म्हणू द्या त्याला. जाकिटे नसतील तर काठावर बसून डबे सोडा आणि मुलांना गाणी म्हणू द्या. त्यांची सहल काही कमी होणार नाही. आणि परत निघताना वल्हे मारणाऱ्याला, स्वयंपाक करणाऱ्याला मुलांकडून एक नमस्कार करवा. आपला दिवस आनंदात जावा म्हणून कोणीतरी दिवसभर राबलेले असते, हे मुलांना लहानपणीच कळलेले बरे.